जुना ट्रॅक्टर घेताय? आधी ताका उलटून पाहा

अमरावती-अकोल्याकडे आपल्या समाजातील कोणी गॅरेज चालवितो, कोणी लेथवर बसतो, कोणी वेल्डिंगचे किंवा बॅटरीचे दुकान मांडतो, कोणी धान्याचा, कोणी कापडाचा व्यापार करतो. चार पैसे साठले की यांपैकी अनेकांच्या मनात एक विचार हमखास येतो. एखादा जुना ट्रॅक्टर घ्यावा, एक ड्रायव्हर ठेवावा आणि नांगरणी, पेरणी, मळणीला तो भाड्याने द्यावा. विचार चांगला आहे, रोजी हलाल आहे. पण या धंद्यात जितके लोक कमवितात, तितकेच दोन वर्षांत भांडवल घालवून मोकळे होतात. दोघांच्या नशिबात फरक असेलही, परंतु पारखण्यात जो फरक असतो तो आपल्या हातचा आहे. या लेखात त्याविषयी लिहीत आहोत.

आमचा धंदा कापडाचा. पण वऱ्हाडातील कापडाचे दुकान शेतकऱ्याच्या पेरणीवरच चालते. पेरणी साधली तर उधारी वसूल होते, चुकली तर वही तशीच राहते. त्यामुळे कोणाचा ट्रॅक्टर ऐन वेळी चालला आणि कोणाचा बांधावर उभा राहिला, हे आम्हाला दुकानात बसूनही कळते. शिवाय कापडवाल्याची एक सवय येथे कामी येते. आम्ही ताका वरच्या बाजूने कधीच पारखत नाही, उलटून पाहतो. खळ किती, सूत किती, रफू कोठे आहे, ते मागच्या बाजूला दिसते. जुना ट्रॅक्टरही असाच पाहायचा असतो.

भरवसा कशाला म्हणावे?

कधीच न बिघडणारे यंत्र अल्लाहच्या या दुनियेत कोणी बनविलेले नाही. तेव्हा भरवशाचा ट्रॅक्टर कोणता? मृगाच्या पावसानंतर जमिनीला वाफसा येतो आणि पेरणीचे मोजके दिवस हाती असतात. त्या दिवसांत जो चालतो, आणि बंद पडलाच तर संध्याकाळपर्यंत आपल्याच तालुक्यात दुरुस्त होतो, तो भरवशाचा. ज्याचा सुटा भाग आणायला नागपूर-इंदूर गाठावे लागते, तो कितीही मजबूत असला तरी भाड्याच्या धंद्याला उपयोगाचा नाही. शेतकरी तुमच्यासाठी आठ दिवस थांबणार नाही, पाऊस तर मुळीच थांबणार नाही.

म्हणून दोन गोष्टी पाहायच्या: यंत्रात आज कोणता दोष आहे, आणि उद्या दोष निघाला तर तो कोठे, कोण, किती दिवसांत काढील. रंग, वय आणि मॉडेल यांचा विचार त्यानंतर.

साल विचारा, पण त्याआधी काम विचारा

शेती अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचा खर्च काढताना आयुष्य १० वर्षे आणि वर्षाला १००० तास, म्हणजे एकूण १०,००० तास धरतात. आपल्याकडील कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या घरचा ट्रॅक्टर वर्षाला हजार तास क्वचितच चालतो. तेव्हा पंधरा वर्षांचा घरगुती ट्रॅक्टर कमी झिजलेला आणि पाच वर्षांचा भाड्याचा ट्रॅक्टर खिळखिळा, असे सहज घडते.

म्हणून ट्रॅक्टर कोणत्या मुलखातून आला ते विचारावे. ऊस पट्ट्यातून आलेला असेल तर त्याने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्यापर्यंत ओढलेल्या असतात. त्याचे क्लच, ब्रेक आणि मागचा एक्सेल आधी पाहावा. भंडारा-गोंदियाच्या धान पट्ट्यातून आलेला असेल तर तो चिखलणीत पाण्यात चाललेला असतो. एक्सेलच्या सीलमधून पाणी व गाळ आत गेला आहे का, ते पाहावे. वीटभट्टी, रेती, मुरूम यांवर चाललेला ट्रॅक्टर शक्यतो सोडून द्यावा. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागेत फवारणीवर चाललेल्या ट्रॅक्टरला ओढ कमी पडलेली असते, परंतु त्याचा पीटीओ भरपूर फिरलेला असतो.

तासांच्या मीटरवर भिस्त ठेवू नये. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत ते केबलवर चालते. केबल तुटली की तास थांबतात, इंजिन मात्र थांबत नाही. मीटर नवे बसविणेही अवघड नाही. त्याऐवजी क्लचच्या पॅडलवरील झीज पाहा, स्टिअरिंगला हाताचे घट्टे पडले आहेत का पाहा, ट्रॉलीच्या हुकाचे भोक गोल आहे की लांबट झाले आहे ते पाहा, पीटीओच्या दांड्याचे दाते पाहा. मागच्या टायरच्या नक्ष्या मधोमध घासून सपाट झाल्या असतील तर तो शेतात कमी व डांबरी रस्त्यावर जास्त चालला, हे विकणाऱ्याने न सांगताही समजते.

थंड इंजिनाची परीक्षा

सौद्याला जाण्याआधी निरोप द्यावा की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. पोहोचताच इंजिनाच्या हेडवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर समजावे की सकाळी कोणीतरी सेल्फ मारून, धक्का देऊन इंजिन गरम करून ठेवले आहे. झिजलेले इंजिन थंडीत हट्ट करते आणि गरम झाल्यावर शहाण्यासारखे वागते. म्हणून थंड इंजिन सुरू होताना पाहणे हीच पहिली परीक्षा.

सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ किंवा चहासारखे दिसले तर पाणी मिसळते आहे. हेड गॅस्केट गेले असेल किंवा लायनरखालच्या रबर रिंगा गेल्या असतील. ऑइल अगदी कोरे व नेहमीपेक्षा घट्ट असेल तर ते कालच का बदलले, हे विचारावे. घट्ट ऑइल खडखड दाबते व धूर कमी दाखविते.

सुरू झाल्यावर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल, पंप किंवा एअर क्लीनरचे काम निघेल. हा खर्च आवाक्यातला असतो. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ आला तर हरकत नाही, गरम झाल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशन कमी किंवा आत पाणी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. मग ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून धूर धापा टाकल्यासारखा येत असेल तर इंजिन खोलावेच लागणार, असे धरून भाव करावा.

आणखी एक परीक्षा सोपी आहे, पण फार थोडे लोक ती करतात. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप बंद इंजिनावर सोडवून त्याच्या आतून बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली तर इंजिन धूळ खात आहे. आपल्याकडे सोयाबीन-तुरीच्या मळणीत ट्रॅक्टर तासन्‌तास भुशाच्या धुराळ्यात उभा असतो. फाटका पाइप किंवा सैल क्लिप यामुळे नवे लायनर-पिस्टनही लवकर झिजतात.

शेवटी अर्धा तास चालवून इंजिन चांगले गरम करावे आणि मंद चालीवर ऑइलच्या प्रेशरचा काटा पाहावा. थंड असताना सर्वांचाच काटा वर असतो. गरम झाल्यावर काटा पार खाली बसला तर क्रँकच्या बेअरिंगचे काम आले.

खारपाणपट्ट्याची खास बाब

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांत जमिनीखालचे पाणी खारे आहे, हे कोणाला नव्याने सांगायला नको. माणूस ते पीत नाही, पण ड्रायव्हर तेच बादलीने रेडिएटरमध्ये ओततो. खाऱ्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत व इंजिनाच्या पाण्याच्या जागेत थर बसतो आणि लोखंड-पितळ खाल्ले जाते. थर बसला की इंजिन तापते, तापले की हेड वाकते व गॅस्केट जाते, आणि मिस्त्री सांगतो की इंजिनच खराब निघाले. दोष इंजिनाचा नसतो, पाण्याचा असतो.

म्हणून या पट्ट्यातील ट्रॅक्टर घेताना इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून आत बोट घालावे. पांढरट किंवा तांबूस खरपुडी लागली, तर रेडिएटर व पाण्याच्या पंपाचा खर्च किमतीतून वजा करावा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा झाकण काढून इंजिन चालू केल्यावर बुडबुडे सतत येत राहिले, तर गॅस्केट गेलेले आहे. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये, तोंड-हात भाजतात.

घेतल्यानंतर पावसाचे साठविलेले किंवा शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट एवढेच वापरावे. आयशरचा २४२ हा एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा ट्रॅक्टर या भागात हलक्या कामाला सोयीचा पडतो. त्याला रेडिएटरच नाही, म्हणून खाऱ्या पाण्याचा प्रश्नही नाही. फक्त सिलिंडरच्या पंख्यांतील धूळ-भुसा काढत राहिले पाहिजे.

ओढ, गिअर आणि लिफ्ट

उभ्या ट्रॅक्टरचा सौदा करू नये. नांगर लावून काळ्या जमिनीत दोन तास घालावेत, नाहीतर भरलेली ट्रॉली जोडून चढ चढवावा. ओढ पडल्यावर इंजिन फिरते पण चाक मागे राहते, असे झाले तर क्लच सरकतो आहे. ओढीत गिअर आपोआप निसटतो, असे झाले तर गिअरचे दाते किंवा फोर्क झिजले आहेत. क्लच प्लेटचा खर्च परवडतो, गिअर बॉक्सचा अंदाज मात्र खोलल्याशिवाय कोणालाच येत नाही.

गिअर बॉक्सच्या खालचा नट थोडा ढिला करून चार थेंब तेल हातावर घ्यावे. तेलात पाणी असेल किंवा चुंबकाला लोखंडाचे तुकडे चिकटले तर परत फिरावे. बारीक भुकटी चालते, तुकडे चालत नाहीत.

लिफ्टची परीक्षा अशी. नांगर पूर्ण उचलून इंजिन बंद करावे. तो अगदी हळूहळू खाली येणे समजण्यासारखे आहे. लगेच खाली बसला, किंवा इंजिन चालू असताना लिफ्ट हिचक्या देत राहिली, तर आतील रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेला आहे.

मग ट्रॅक्टरखाली वाकून पाहावे. इंजिन व गिअर बॉक्सच्या जोडावर, पुढच्या एक्सेलच्या बैठकीवर वेल्डिंगचे डाग आहेत का? नव्या रंगाखाली वेल्डिंग लपते, पण बोटाला उंचवटा लागतो. आपले वेल्डर बंधू हे इतरांपेक्षा लवकर ओळखतील.

कोणता दोष घ्यावा, कोणता टाळावा

बॅटरी, सीट, दिवे, रंग, नोझल, क्लच प्लेट, टायर हे दोष पैशाने मिटतात. त्यांचा भाव काढून किंमत कमी करून घ्यावी. टायरचा भाव मात्र आधी दुकानात विचारून जावे. मागची जोडी घासलेली असेल तर ती रक्कम मोठी असते.

लायनर-पिस्टन, क्रँक, डिझेल पंप, रेडिएटर, लिफ्टचा पंप हे दोष असतील तर आपल्या मिस्त्रीकडून अंदाज काढावा, त्यात चौथा हिस्सा वाढवावा आणि मग बोलावे. इंजिन खोलल्यावर आणखी काहीतरी निघतेच.

तडकलेला ब्लॉक, वेल्ड केलेले हाउसिंग, गिअर बॉक्समध्ये पाणी आणि अपुरे कागद या चार गोष्टी कोणत्याही भावात घेऊ नयेत. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले असे यंत्र पुढे विकतानाही स्वस्तच विकावे लागते.

मॉडेलपेक्षा मिस्त्री महत्त्वाचा

१९५९ मध्ये फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बनला. १९६३ मध्ये महिंद्रा व अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने मिळून कंपनी काढली, त्यातून बी-२७५ आला. चेन्नईच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन घराघरांत पोहोचविला. १९७४ मध्ये पंजाबात स्वराज ७२४ निघाला. स्वराजच्या इंजिनांची घडण किर्लोस्करच्या सहकार्याने झाली. १९७०च्या दशकात पिंजोरला एचएमटीने झेटरच्या धर्तीचे ट्रॅक्टर काढले. यांपैकी अनेक यंत्रे आजही शेतात दिसतात.

परंतु कंपन्यांचे पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. आयशरचा ट्रॅक्टर विभाग २००५ मध्ये टॅफेकडे गेला, स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे आला. दोन्ही नावे बाजारात टिकली, म्हणून सुटे भाग टिकले. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. एचएमटीचे लोखंड मजबूत, यात वाद नाही. पण तो घ्यायचा तर आपल्या गावात त्याचा जाणकार मिस्त्री आहे का आणि सामान कोठून येते, हे आधी ठरवावे.

सौद्याआधी एक काम करावे. त्या मॉडेलच्या पाच वस्तूंची यादी घेऊन जवळच्या सामानाच्या दुकानात जावे: हेड गॅस्केट, क्लच प्लेट, पाण्याचा पंप, लिफ्टच्या रिंगा, पुढच्या चाकाचे बेअरिंग. दुकानदाराने पाचही वस्तू काउंटरवर ठेवल्या तर मॉडेल भरवशाचे. दोन वस्तूंसाठी ‘मागवून देतो’ म्हणाला तर विचार करावा.

ताकदीच्या बाबतीतही बोलण्यावर जाऊ नये. विकणारा इंजिनाचे एचपी सांगतो, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्राला मिळते ते पीटीओचे एचपी, आणि ते कमी असते. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालांत पीटीओची ताकद व डिझेलचा खर्च दिलेला असतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शेती अभियांत्रिकी शिकणारी आपली मुले हे अहवाल वाचून समजावू शकतील. घरात असा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना सौद्याला बरोबर न्यावे.

नव्या यंत्रांविषयीही एक शब्द. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. ही यंत्रे उद्या जुन्या बाजारात येतील, तेव्हा पाना-स्क्रू ड्रायव्हरने त्यांचे निदान होणार नाही. आपल्या मिस्त्री बंधूंनी हे काम आतापासून शिकून घ्यावे.

कागद म्हणजे अर्धा ट्रॅक्टर

इंजिन व चेसिसचा नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा. अमरावतीचा एमएच-२७ असो की अकोल्याचा एमएच-३०, नंबर टाकून एम-परिवहन ॲपवर मालकाचा तपशील, विमा आणि बँकेचा बोजा पाहता येतो. बोजा असेल तर बँकेचे पत्र व फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विक्रीसाठी फॉर्म २९ व ३० लागतात. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणायचा तर तेथील एनओसी लागते. पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे का, हे पाहावे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती विसरू नये.

‘नाव नंतर लावू’ ही आपल्याकडची जुनी सवय आहे. ती विकणाऱ्यालाही बुडविते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे गाडी चार हात फिरली तरी जबाबदारी पहिल्याच्या मानेवर. त्यात विमा संपलेला असेल तर एका अपघातात दुकान, घर, सर्व जाऊ शकते. शेतीच्या ट्रॉलीत वऱ्हाड किंवा मजूर बसवून नेणेही धोक्याचे. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा त्यांच्यासाठी नसतो.

हिशेब मांडून पाहा

आता आकडे मांडू. हे आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत, वाचकांनी आपापले घालावेत. समजा जुना ट्रॅक्टर २,४०,००० ला घेतला. इंजिनाचे काम ४५,०००, टायर ४०,०००, कागद व विमा १५,०००. झाले ३,४०,०००. पाच वर्षांनी तो १,२०,००० ला विकला, तर मधले २,२०,००० खर्ची पडले. वर्षाला ४०० तास, म्हणजे पाच वर्षांत २००० तास धरले तर तासाला ११० रुपये घसारा. दुरुस्ती तासाला ८० धरली तर १९० रुपये.

नवा ट्रॅक्टर ७,००,००० चा, पाच वर्षांनी ४,००,००० ला विकला. घसारा तासाला १५०, दुरुस्ती ३०, एकूण १८०. म्हणजे रोख पैसे असतील आणि काम भरपूर असेल तर जुना स्वस्त पडतो, ही समजूतच खरी नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधीची नव्याची किंमत सांगून कोणी जुन्याचा भाव चढवीत असेल तर ऐकू नये.

मग जुन्याचा फायदा कोठे? तो कर्ज न काढण्यात आहे. नव्यासाठी ५,००,००० कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर सुमारे १,६७,००० रुपये व्याज जाते, म्हणजे तासाला आणखी ८३ रुपये. सूदचा गुन्हा तो वेगळाच. आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी जुना रोखीचा ट्रॅक्टर शेडमध्ये गप्प उभा राहतो, हप्ता मात्र गप्प राहत नाही. काम वर्षाला २०० तासांवर आले तर जुन्याचा खर्च तासाला ३०० होतो आणि कर्जाच्या नव्याचा ४९७. ज्याचे काम थोडे व अनिश्चित, त्याने जुनाच घ्यावा. पण वरील पारख करून घ्यावा आणि खरेदीच्या किमतीचा पाव भाग दुरुस्तीसाठी हातात ठेवूनच घ्यावा.

सौद्याची रीत

देशाचा माल विक्री कायदा १९३० सालचा आहे. माल पाहून घेतला असेल तर पाहताना जो दोष दिसायला हवा होता, त्याची तक्रार नंतर सहसा चालत नाही, असा त्याचा रोख आहे. आपली शरीयत विकणाऱ्यावर अधिक जबाबदारी टाकते. लपविलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. दुसरा हक्क खियार-ए-शर्त, म्हणजे ठरावीक मुदतीत सौदा मोडण्याची अट. इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत असते. जुन्या ट्रॅक्टरसाठी ही अट किती मोलाची आहे! तीन दिवस शेतात चालवून पाहू, पटला तर सौदा पक्का, असे दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहून घ्यावे. ज्याचा माल खरा आहे तो नाही म्हणणार नाही. जो नाही म्हणेल, त्याने न बोलता बरेच सांगितले.

विकणाऱ्या बंधूंसाठीही हेच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतील दाणे ओले निघाले, आणि ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही घटना आपण सर्वांनी ऐकली आहे. वेल्डिंगवर रंग मारणे व झिजल्या इंजिनात घट्ट ऑइल भरणे हा ओल्या धान्यावर कोरडे पसरण्याचाच प्रकार आहे. तसेच पारखायला नेलेल्या मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी पैसे घेऊ नयेत. त्याचे मत ही अमानत आहे. त्याची मजुरी मात्र खरेदीदाराने सौदा झाला नाही तरी द्यावी, म्हणजे ‘घेऊ नका’ असे म्हणण्याची त्याला भीती राहणार नाही.

भागीदारीत घ्यायचा तर भांडवल कोणाचे किती, नफा कोणत्या प्रमाणात, हे आधीच लिहावे. तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच वाटला जातो. डिझेल, ड्रायव्हरचा पगार व रोजची दुरुस्ती उत्पन्नातून जाईल, इंजिन खोलण्याचा मोठा खर्च मालकीच्या हिश्शाप्रमाणे सर्व जण देतील, असे स्पष्ट असावे. बहुतेक भांडणे याच एका ओळीच्या अभावी होतात.

सौद्याला हरभरा-गव्हाची मळणी आटोपल्यावर निघावे. तेव्हा पाहायला वेळ असतो आणि मृगापूर्वी दुरुस्तीही होते. पाऊस पडल्यावर जो घाईने ट्रॅक्टर घेतो, त्याला विकणारा सांगेल तोच भाव आणि विकणारा दाखवील तेवढाच माल. सवड काढून, थंड इंजिन पाहून, कागद ताडून, तीन दिवसांची अट लिहून घेतलेल्या सौद्यात अल्लाह बरकत देवो.